पहिल्या पानाची हमी विकणाऱ्यांविषयी

लहान व्यवसायाची वेबसाइट सुरू होताच तिच्याकडे ग्राहकांच्या आधी पोहोचतात ते ग्राहक मिळवून देण्याचा धंदा करणारे. ‘आपल्या वेबसाइटमध्ये गंभीर त्रुटी आढळल्या आहेत’, ‘अल्पावधीत गूगलच्या पहिल्या पानावर’, ‘दरमहा हजारो भेटींची खात्री’ अशा मथळ्यांचे ई-मेल येऊ लागतात आणि पाठोपाठ फोन सुरू होतात. यंत्रदुरुस्तीचा छोटा व्यवसाय आणि त्याची वेबसाइट अशी दोन्ही कामे मी सांभाळते, आणि या मंडळींविषयीचा माझा संताप आता आवरण्यापलीकडे गेला आहे. वेबसाइटवर लोक यावेत ही प्रत्येक लहान व्यावसायिकाची खरी निकड आहे. ज्याच्याकडे मोठ्या जाहिरातींसाठी पैसा नाही, त्याच्यासाठी ते कधी कधी एकमेव दार असते. त्या निकडीवर डोळा ठेवून जो व्यवहार चालतो, तो मला सरळ सरळ फसवणुकीचा वाटतो.

गूगलने स्वतःच्या मार्गदर्शनात लिहून ठेवले आहे की, शोधनिकालांत पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही आणि तशी हमी देणाऱ्यापासून सावध राहावे. हे मार्गदर्शन कोणालाही, केव्हाही, फुकट वाचता येते. एसईओचा, म्हणजे वेबसाइट शोधनिकालांत वर आणून देण्याचा, व्यवसाय करणाऱ्याने ते वाचले नसेल तर त्याला आपल्या कामाचे प्राथमिक ज्ञान नाही, आणि वाचूनही तो हमी देत असेल तर तो समोरच्याच्या अज्ञानावर पैसे मिळवतो आहे. तिसरी शक्यता मला दिसत नाही. ही हमी ‘पूर्ण’ कशी केली जाते, तेही सांगते. ज्या शब्दांसाठी मुळीच स्पर्धा नाही, म्हणजे व्यवसायाचे संपूर्ण नाव आणि त्याला जोडलेले आणखी तीन-चार शब्द, असा कोणीही शोधत नसलेला कीवर्ड (शोधशब्द) निवडला जातो, तो शोधून पहिल्या पानाचे छायाचित्र घेतले जाते आणि काम फत्ते झाल्याचे कळवले जाते. ज्याला आपले नाव आधीच ठाऊक आहे, त्याला आपले नाव सापडवून देण्याचे हे पैसे असतात.

त्यानंतर येतो मासिक अहवाल. त्यात रंगीत आलेख असतात, वर चढत जाणाऱ्या रेषा असतात आणि ‘इम्प्रेशन’ नावाचा एक फुगलेला आकडा असतो. आपला दुवा शोधनिकालांत कोणाच्या तरी पुढ्यात आला, इतकाच त्याचा अर्थ. त्या माणसाने तो वाचला की नाही, हे त्यातून कळत नाही. भेटींचा आकडा उलगडून पाहावा, तर निम्म्याहून अधिक भेटी अशा प्रदेशांतून आलेल्या असतात जिथे आपण सेवाच देत नाही, आणि पान उघडल्या क्षणी बंद झालेले असते. त्यांत माणसे किती आणि आपोआप पाने उघडणारे बॉट नावाचे प्रोग्रॅम किती, असे विचारले की उत्तर टाळले जाते. या सगळ्या काळात किती फोन आले, किती जणांनी चौकशीचा अर्ज भरला आणि कोणत्या पानावरून भरला, हे मी विचारते, तेव्हा ‘आधी ट्रॅफिक वाढू द्या’ असे ऐकवले जाते. मला ट्रॅफिक विकायचे नाही. यंत्र बंद पडलेला, दुरुस्त करणारा शोधणारा आणि माझ्यापर्यंत पोहोचू शकणारा माणूस मला हवा आहे. असे वीस जण आले तरी चालतील, पण ते खरे असावेत.

मला सर्वाधिक चीड येते ती लेखांच्या बाबतीत. ‘आठवड्याला अमुक लेख’ असे पॅकेज विकले जाते आणि मग वेबसाइटवर जो मजकूर चढवला जातो, तो वाचून माझीच मान खाली जाते. ‘यंत्रांची निगा राखणे का महत्त्वाचे आहे’ अशा शीर्षकाखाली पाचशे शब्द, आणि त्यांत कोणत्याही यंत्राबद्दल एकही नेमकी गोष्ट नाही. असा पोकळ मजकूर मागे टाकण्यासाठी गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये क्रमवारी ठरवण्याच्या पद्धतीत पांडा नावाचा बदल आणला, ऑगस्ट २०२२ मध्ये ‘उपयुक्त मजकूर’ या नावाचा बदल आणला, आणि मार्च २०२४ मध्ये तर केवळ क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात तयार केलेल्या मजकुराविरुद्ध धोरणच जाहीर केले, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. इतकी वर्षे ज्याविरुद्ध उघडपणे सांगितले जात आहे, तेच आजही पॅकेज म्हणून विकले जाते.

आणि खरी सामग्री तर व्यावसायिकाच्या डोक्यात असते. फोनवर लोक मला रोज तेच प्रश्न विचारतात: यंत्र आणून द्यावे लागेल का, तपासणीचे पैसे वेगळे पडतात का, किती दिवस लागतील, जुन्या मॉडेलचे सुटे भाग अजून मिळतात का, दुरुस्ती झालीच नाही तर काय, आणि दुरुस्त करण्यापेक्षा नवे घेणे केव्हा परवडते. या प्रत्येक प्रश्नाचे सरळ उत्तर देणारे पान वेबसाइटवर असेल, तर जो माणूस हाच प्रश्न आपल्या बोलीत शोधतो आहे, त्याच्यापर्यंत ते पोहोचण्याची शक्यता असते, कारण तो जे विचारतो तेच तिथे लिहिलेले असते. पण हे करण्यासाठी व्यावसायिकाजवळ तासभर बसावे लागते, त्याचे ऐकावे लागते, बिघाडांची खरी छायाचित्रे मागावी लागतात. लेख पुरवणाऱ्यांपैकी एकानेही मला कधी विचारले नाही की तुमचे ग्राहक फोनवर काय विचारतात. एकानेही नाही!

बॅकलिंकचा, म्हणजे दुसऱ्या वेबसाइटवरून आपल्याकडे येणाऱ्या दुव्यांचा, प्रकार याहून घातक आहे. शेकडो दुवे मिळवून देतो असे सांगून कोणत्या तरी ओसाड वेबसाइटींवर आपले नाव पेरले जाते. गूगलने एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन हा बदल आणला, तो अशाच बनावट दुव्यांविरुद्ध होता, आणि क्रमवारी वाढवण्यासाठी घेतलेले विकतचे दुवे हे त्यांच्या धोरणांचे उल्लंघन असल्याचे आजही स्पष्ट लिहिलेले आहे. त्याची शिक्षा झाली तर ती वेबसाइटच्या मालकाला होते. दुवे विकणारा तोवर पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो.

वेबसाइट बनवून देणाऱ्यांनाही मी यातून वगळणार नाही. पहिल्याच पानावर सरकणारी भलीमोठी चित्रे, कॅमेऱ्यातून निघाली तशीच चढवलेली, आणि फोन नंबर सर्वांत तळाशी. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा निकष गूगलने २०२० मध्येच जाहीर केला आहे, आणि बहुतेक लोक मोबाइलवर, अनेकदा कमकुवत नेटवर्कवर, पान उघडतात हे सांगायला तर कोणत्याही निकषाची गरज नाही. वेबसाइट बनवण्याच्या वर्डप्रेस या साधनात शोधयंत्रांनी या साइटची नोंद घेऊ नये असे सांगणारी एक चौकट असते. वेबसाइट बनवताना तीत खूण करून ठेवतात आणि काम सोपवताना ती खूण काढायची विसरतात. परिणामी ती वेबसाइट शोधात जवळजवळ अदृश्य राहते, आणि तिचा मालक मात्र भेटी का येत नाहीत म्हणून एसईओवाल्याला पैसे देत बसतो. वेबसाइट शोधात कशी दिसते ते दाखवणारे गूगलचे सर्च कन्सोल हे साधन फुकट आहे, त्यात ही अडचण काही मिनिटांत दिसते, आणि तरीही महिनोन्‌महिने पैसे घेणारा माणूस ते उघडून पाहत नाही, ही माझ्या मते अक्षम्य गोष्ट आहे.

आता स्वतः गूगलविषयी. फेब्रुवारी २०१६ मध्ये संगणकावरील शोधनिकालांच्या उजवीकडच्या जाहिराती काढल्या गेल्या आणि काही शोधांसाठी निकालांच्या वर चार जाहिरातींपर्यंत जागा देण्यात आली, म्हणजे फुकट मिळणारा पहिला क्रमांक आणखी खाली ढकलला गेला. मे २०२४ पासून अमेरिकेत आणि नंतर इतरत्र, कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर निकालांच्याही वर येऊ लागले, आणि ज्या पानांच्या आधारे ते तयार होते, त्या पानांवर जाण्याची गरज अनेकांना उरली नाही. भेटी मोजण्यासाठी वर्षानुवर्षे वापरलेले गूगलचे युनिव्हर्सल अॅनालिटिक्स जुलै २०२३ मध्ये बंद झाले आणि प्रत्येक लहान व्यावसायिकाला नव्या, कितीतरी किचकट साधनाची ओळख नव्याने करून घ्यावी लागली. गूगलवरील व्यवसायाच्या प्रोफाइलमधून फुकट बनवून मिळणाऱ्या साध्या वेबसाइटी मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आल्या. शोधसेवेत गूगलने बेकायदेशीरपणे मक्तेदारी टिकवली, असा निकाल ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील संघीय न्यायालयाने दिला. रस्ता एकाच्या मालकीचा असला की त्यावर दुकान मांडणाऱ्यांना भाडे ठरवता येत नाही, आणि नेमकी याच असहायतेवर हमी विकणाऱ्यांची चूल पेटते.

या सगळ्याहून वाईट प्रकार करार संपताना कळतो. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, एजन्सीने स्वतःच्या नावावर घेतलेले असते, होस्टिंगचा, म्हणजे वेबसाइट जिथे साठवलेली असते त्या जागेचा, पासवर्ड त्यांच्याकडे असतो, अॅनालिटिक्सचे खाते त्यांचे असते, आणि व्यवसायाची प्रोफाइलही त्यांच्याच ई-मेलवर चालते. ज्या वेबसाइटचे पैसे व्यावसायिकाने मोजले, तिच्यावर त्याचा हक्क उरत नाही, आणि ‘ट्रान्स्फर’साठी पुन्हा पैसे मागितले जातात. मला आता कोणाचाही अहवाल नको, आलेख नको, भेटींचा आकडा नको. यापुढे जो कोणी फोन करील, त्याने आधी एवढे सांगावे की डोमेन, होस्टिंग, सर्च कन्सोल आणि प्रोफाइल ही सर्व खाती पहिल्याच दिवशी माझ्या नावावर असतील की नाही, आणि लेख लिहिण्यापूर्वी तो माझ्या ग्राहकांचे प्रश्न ऐकून घेणार आहे की नाही. या दोन प्रश्नांवर जो गप्प बसेल, त्याने दुसऱ्यांदा फोन करू नये.