मागच्या सीटचं म्हणणं

गाडीच्या मागून कसला तरी आवाज येतोय, हे आई आषाढापासून सांगत होती. मी ते मनावर घेतलं दसऱ्यानंतर. गाडी चालवणाऱ्याला गाडीची पुढची बाजू तेवढी माहीत असते. मागे काय चाललंय ते आरशात दिसेल तेवढंच. आणि आरशात आई बारा महिने नाराजच दिसते, त्यामुळे त्यावरून गाडीच्या प्रकृतीचं निदान करता येत नाही.

शिवाय खरं सांगायचं तर त्या खडखडाटाचा आम्हा नवराबायकोला फायदाच होता. अडीच खोल्यांच्या घरात खासगी बोलायला जागा नसते. गाडीच्या पुढच्या दोन सीटा हीच काय ती आमची खोली. रस्ता खराब लागला, मागून खडखड सुरू झाली, की बायको मान न वळवता, ओठ जेमतेम हलवत मनातलं बोलून घ्यायची. कर्वेनगर ते स्वारगेट एवढ्या अंतरात आम्ही कितीतरी नाजूक प्रश्न निकालात काढलेत. नवीन डांबर पडलं की मात्र संभाषण बंद.

पण दसऱ्याला मामांकडे जाताना आमच्याच सोसायटीच्या गतिरोधकावरून गाडी उतरली आणि मागे असा काही ‘धप्प’ झाला, की आईच्या मांडीवरची आपट्याची पानं माझ्या डोक्यावर आली. ‘‘सोनं घे,’’ आई म्हणाली. पुढे काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

या गतिरोधकाबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत गतिरोधक कसा असावा हे लिहून ठेवलंय. ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा वाटावा असा गोलसर. गाडीने ताशी २५ किलोमीटरने यावं आणि जराशी मान तुकवून पुढे जावं, ही अपेक्षा. मी आमचा गतिरोधक टेप लावून मोजला. उंची १६ सेंटिमीटर, रुंदी दीड फूट, आणि वर्तुळ म्हणाल तर ते बांधणाऱ्या गवंड्याच्या पोटाचं असावं. हा गतिरोधक नव्हेच, उंबरठा आहे. मी हे बैठकीत बोललो तर अध्यक्ष म्हणाले, ‘‘अहो, उंबरठा हळूच ओलांडायचा असतो.’’ टाळ्या पडल्या. तेव्हापासून आमच्याकडे त्याला उंबरठाच म्हणतात.

तर आवाज. पहिला उपाय म्हणून डिकी रिकामी केली. त्यात सहा वर्षांपूर्वी कार्ल्याच्या एकवीरेला घेतलेला नारळ, तीन छत्र्या (पैकी एक आमची), डाव्या पायातली एकच पावसाळी चप्पल आणि जो कामवाल्या बाईंनी नेला असं आम्ही घरात दबक्या आवाजात ठरवून टाकलं होतं तो स्टीलचा डबा, एवढा ऐवज निघाला. स्टेपनी आवळली. जॅक फडक्यात गुंडाळला. गाडी काढली. आवाज होताच. उलट आता मध्ये नारळ नसल्यामुळे शुद्ध ऐकू येऊ लागला.

मग मी एका चकचकीत सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या सल्लागार मुलाच्या हातात टॅब होता. मी म्हटलं, गाडी खड्ड्यातून गेली की मागे कधी खडखडते, कधी कुरकुरते, मधूनच खट्‌कन वाजते. आपल्या भाषेत आवाजांना तोटा नाही, आणि प्रत्येकाचा आजार वेगळा असतो. करकर म्हणजे रबर सुकलं, खुळखुळ म्हणजे काहीतरी सुटलंय, खट्‌ म्हणजे लोखंडाला लोखंड लागतंय. मुलाने सगळं शांतपणे ऐकलं आणि टॅबवर ‘नॉइज’ या चौकोनात टिचकी मारली. मग त्यांच्या गुळगुळीत काँक्रीटच्या आवारात एक फेरी मारून ‘‘सर, कुठे काय वाजतंय?’’ असं मलाच विचारलं. तरी अंदाजपत्रक निघालं ३८,४०० रुपयांचं. मागचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर, दोन्ही स्प्रिंगा, मागची दोन चाकं जोडणारा खालचा अख्खा बीम आणि एसीचं निर्जंतुकीकरण. एसीचा संबंध काय, असं मी विचारलं. ‘‘सर, करून घेतलेलं बरं असतं.’’

म्हणून मी गल्लीतल्या मिस्त्रींकडे गेलो. साठीचे गृहस्थ. बोर्डावर दहा गोष्टी रंगवल्यात, त्यातल्या सात पुसल्या गेल्यात. त्यांनी गाडी सुरूसुद्धा करायला लावली नाही. डिकीच्या उजव्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवले, अंगाचा सगळा भार दिला आणि एकदम हात काढले. गाडी वर आली, खाली गेली, वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली.

‘‘एकदा वर येऊन दुसऱ्या खेपेला गप बसली पाहिजे, साहेब. ही तर सूर्यनमस्कार घालतेय.’’

‘‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर?’’

‘‘शॉकॉप्सर,’’ त्यांनी माझा उच्चार दुरुस्त केला. ‘‘पण खट्‌ वाजतंय म्हणता ना, ते त्याचं नाही. ते कुठून येतंय?’’

‘‘मागून.’’

त्यांनी माझ्याकडे डॉक्टर ‘कुठे दुखतंय’ म्हणाल्यावर ‘अंगात’ असं सांगणाऱ्या पेशंटकडे बघतात तसं बघितलं. ‘‘मागे कोण बसतं?’’

‘‘आई.’’

‘‘मग त्यांना आणा.’’

एवढ्यासाठी आईला कशाला, असं म्हणून मीच डिकीत बसलो. मला वाटतं, आयुष्यात प्रत्येक वाहनमालकाने एकदा तरी स्वतःच्या डिकीत बसावं. आत अंधार, रबराचा वास, गुडघे हनुवटीला, आणि मिस्त्रींनी मुद्दाम निवडलेला खड्ड्यांचा रस्ता. खट्‌ ऐकू येत होतं, पण ते गाडीचं की माझ्या मणक्याचं हे सांगता येईना. फेरी संपली ती उंबरठ्यावरून. मिस्त्रींच्या हाताखालच्या बारक्याने डिकी उघडली तेव्हा समोर अध्यक्ष भाजीची पिशवी घेऊन उभे. मी आतून म्हटलं, ‘‘नमस्कार.’’ ते म्हणाले, ‘‘चालू द्या.’’

दुसऱ्या दिवशी आई आली. आईने पस्तीस वर्षं घरी शिवणयंत्र चालवलंय. मशीनवर बहीण बसलेली असली आणि बॉबिन केस केसभर तिरकी लागली, तरी स्वयंपाकघरातून ओरडायची. मागच्या सीटचाही तिचा अभ्यास जुना आहे. एस.टी. १९४८ साली पुणे-नगर रस्त्यावर धावायला लागली. नंतर त्याच रस्त्याने आई माहेरी जायची आणि नेमका शेवटचा बाक मिळायचा. तो बाक मागच्या चाकांच्याही मागे लटकलेला असतो, त्यामुळे खड्डा चाकाला जेवढा बसतो त्याहून जास्त त्या बाकावरच्या माणसाला बसतो. खाली जाडजूड पाट्यांची स्प्रिंग. ती पोत्यांच्या वजनालाही दाद देत नाही, तिथे आईची काय कथा.

तिने डोळे मिटून एक फेरी मारली. उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘‘दोन आवाज आहेत. धप्प होतं ते उजवीकडे, उंचावरून उतरताना. खट्‌ आहे ते डावीकडे. पण खड्ड्यात जाताना नाही, वर येताना. आणि हा कचकन ब्रेक मारतो ना, तेव्हा.’’

मिस्त्रींनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. ‘‘मावशी, उद्यापासून कामाला या.’’

मग ते खाली वाकले आणि मला म्हणाले, ‘‘हात लावून बघा.’’ मी चाकामागे हात घालून आधी डाव्या, मग उजव्या शॉकॉप्सरला बोटं लावली. डावा चांगला कोमट होता, उजवा गार. गाडीचं वजन पेलायचं आणि दणका झेलायचा हे काम स्प्रिंगचं. पण झेलल्यावर ती नाचत सुटते. तिला आवरायचं काम या नळकांड्याचं. आतलं तेल बारीक भोकांतून दाबून काढायचं, नाचायची सगळी हौस त्यात जिरवायची आणि स्वतः तापायचं. मिस्त्रींनी हे एका वाक्यात सांगितलं. ‘‘डावा काम करतोय, उजवा नुसता पगार खातोय.’’ आमच्या ऑफिसात ही तपासणी सुरू करावी असं मला फार वाटलं.

एकच बदलता येईल का, हे विचारून मी माझी अक्कल दाखवली. एक नवा आणि एक जुना टाकला की गाडी एका अंगाने लंगडते, जोडीनेच बदलायचे असतात. सामान आणायला मी नाना पेठेत गेलो. दुकानदाराने गाडीचं वर्ष विचारलं, मग महिना विचारला. लग्नाच्या स्थळालासुद्धा एवढी चौकशी होत नाही. मग म्हणाला, ‘‘ओरिजिनल पाहिजे, ओरिजिनलसारखं पाहिजे, की चालणारं पाहिजे?’’ मी ओरिजिनल म्हटलं. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि माळ्यावरच्या पोराला ओरडला, ‘‘पार्टी सिरियस आहे, आतला काढ.’’ शॉकॉप्सरची जोडी ४२०० रुपये, वरची माउंटं आणि रबरी गट्टू मिळून ११००, आणि बीमची दोन बुशं ९००.

बुश म्हणजे लोखंडी दोन नळ्यांच्या मध्ये चिकटवलेलं मूठभर रबर. गाडीची सगळी मागची बाजू त्या दोन मुठींवर शरीराला जोडलेली असते, हे कळल्यावर मला रात्री नीट झोप लागली नाही. आमच्या डाव्या बुशातलं रबर फाटून नळी मोकळी झाली होती. ती लोखंडावर आपटायची तेच आईचं खट्‌.

बोल्ट काढणं हा स्वतंत्र विषय आहे. अकरा पावसाळ्यांत बोल्ट आणि नळी यांचा असा काही संसार जमला होता, की ते एकमेकांना सोडायला तयार नव्हते. आधी तेल फवारलं आणि चहा घेतला. मग पाना लावला, पान्याला चार फुटी पाइप लावला आणि पाइपाला बारक्या लावला. बारक्या वर, बोल्ट जागच्या जागी. मग गॅसची ज्योत आली. लोखंड आधी काळं, मग जांभळट, मग कुंकवासारखं लाल झालं. रबर जळल्याच्या वासाने समोरच्या बिल्डिंगमधल्या तीन खिडक्या धडाधड बंद झाल्या. शेवटी ‘कुईऽऽ’ असा आवाज करून बोल्ट अर्धा आटा फिरला. आईने मान हलवली. हा आवाज तिला पसंत पडला असावा.

बीम शेजारच्या लेथवाल्याकडे गेला, तीनशे रुपयांत जुनी बुशं दाबून निघाली, नवी बसली. तोवर मिस्त्रींनी जुना उजवा शॉकॉप्सर माझ्या हातात दिला. अंगभर तेल आणि त्यावर चिकटलेली पुण्याची माती. दांडा दाबला तर वॉशर गेलेल्या सायकलच्या पंपासारखा आत गेला आणि तिथेच राहिला. नवा दाबायला दोन्ही हात आणि छाती लागली. सोडल्यावर तो दुपारची झोप झालेल्या माणसासारखा सावकाश, कुणाची पर्वा न करता वर आला.

सगळं बसवलं. आता बारक्या बीमचे बोल्ट करकचून आवळणार, तेवढ्यात मिस्त्री खेकसले, ‘‘थांब! चाकं लटकलीयत!’’ मला वाटलं, काहीतरी पडलं. पण मुद्दा वेगळा होता. गाडी जॅकवर असताना बोल्ट आवळला तर रबर त्याच लोंबकळत्या अवस्थेत जखडतं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. म्हणून बोल्ट नुसते अडकवायचे, चाकं जमिनीवर टेकवायची, गाडीला रोजच्यासारखी बसू द्यायची आणि मग आवळायचं. सर्व्हिस सेंटरच्या टॅबवर हा चौकोन होता की नाही, मी बघितलं नव्हतं.

‘‘रोजच्यासारखी म्हणजे मावशींना मागे बसवा,’’ मिस्त्री म्हणाले. गॅरेजात गाडीखाली उभं राहून काम करायला खड्डा असतो, त्यावर गाडी नेली. आई पर्स घेऊन नेहमीच्या जागी बसली. खालून बारक्याचा पाना कटकट करू लागला. वीसेक मिनिटं आई सरळ ताठ बसून होती, फोटो काढून घेत असल्यासारखी. मधेच तिने विचारलं, ‘‘हललं तर चालेल का?’’ खालून उत्तर आलं, ‘‘थोडं डावीकडं सरका.’’ आमच्या गाडीची मागची बाजू आता जगात फक्त एकाच माणसाच्या मापाने बसवलेली आहे.

मजुरी २२०० झाली. सगळे मिळून ८७०० रुपये. मिस्त्रींनी पैसे मोजले आणि आईला चहा पाजला, मला नाही.

संध्याकाळी तिघे बाहेर पडलो. गाडी इतकी शांत की मला माझं घड्याळ ऐकू येत होतं. सवयीने बायको जरा माझ्याकडे झुकली आणि ओठ न हलवता म्हणाली, ‘‘यंदा दिवाळीचा चिवडा विकतचाच आणू या का? गेल्या वर्षी आईंच्या चिवड्यात मीठ—’’

‘‘मीठ जास्त झालं होतं, माहितीये मला,’’ मागून आवाज आला. ‘‘विकतचा आणायचा तर आणा. आणि तो डबा सापडल्याचं बाईंना सांगितलंत का? त्यांनी नेला असं ठरवून मोकळे झाला होतात ना.’’

आम्ही दोघेही समोर बघत राहिलो. हे आम्ही गाडीतच ठरवलं होतं. श्रावणात. भर खडखडाटात.

‘‘तुला तेव्हा... ऐकू येत होतं?’’ मी विचारलं.

‘‘तेव्हाही येत होतं. आता कानावर ताण पडत नाही, एवढंच. पुढे उंबरठा आलाय. हळू घे.’’