‘डॉक्टर एक शब्द बोलल्या नाहीत’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमची तक्रार थोडक्यात अशी: आईंना सोनोग्राफीसाठी घेऊन पिंपळगावहून पहाटे निघालात, वेळ नऊची असून नंबर सव्वाअकराला लागला, मध्ये दोन पेशंट ‘मागून येऊन पुढे गेले’. आत डॉक्टर एक शब्द बोलल्या नाहीत, सहा मिनिटांत बाहेर काढलं, रिपोर्टच्या शेवटी ‘क्लिनिकली कोरिलेट करा’ लिहून हात झटकले. आणि पैसे एवढे, म्हणजे पाठवणाऱ्या डॉक्टरांचं कमिशन त्यात असणारच. एक स्टार.

आईंच्या तपासणीत काय दिसलं, काय नाही, याबद्दल मी इथे अक्षरही लिहिणार नाही. तुम्ही त्यांचे चिरंजीव असलात तरी ही भिंत सगळ्या गावाची आहे. खाली लिहितेय ते आमच्या रोजच्या कामाबद्दल.

गप्प राहण्यापासून सुरुवात करते, कारण तेच तुम्हाला जास्त लागलेलं दिसतंय. सीटी किंवा एमआरआयमध्ये चित्रं मशीन काढतं आणि आम्ही ती नंतर बसून वाचतो. शंका आली तर पुन्हा वाचतो, दुसऱ्या डॉक्टरला दाखवतो. सोनोग्राफीचं तसं नाही. प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं हातातलं यंत्र, जिथे टेकवला तिथलंच दिसतं, आणि हात पुढे सरकला की ते गेलं. रिपोर्टसोबत जी चित्रं मिळतात ती मी निवडून थांबवलेली असतात. हात फिरवताना जे माझ्या नजरेतून सुटलं ते नंतर शोधायला कुठेच नसतं. म्हणून त्या वेळात मला स्क्रीनशिवाय दुसरं काही सुचत नाही. पित्ताशय बघताना पेशंटला कुशीवर वळवते, कारण खडा असेल तर सहसा घरंगळतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते. पॉलिप, म्हणजे आतल्या भिंतीला आलेला मांसल कोंब, असेल तर जागचा हलत नाही. ‘श्वास घ्या, रोखा, सोडा, डाव्या कुशीवर व्हा’ एवढंच माझ्या तोंडून निघतं. ते बोलण्यात धरत नसाल, तर हो, मी बोलत नाही.

मधेच ‘काय दिसतंय, बाई?’ असं जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. त्याचंही उत्तर तेव्हा देत नाही. मी नुसतं ‘हं’ म्हटलं तरी माणूस घाबरतो, आणि उजवीकडे जे वेगळं वाटलं त्याचा अर्थ डावीकडचं बघून झाल्यावर बदलू शकतो. ‘झाल्यावर सांगते’ म्हणते, आणि झाल्यावर सांगते. तुम्ही तेव्हा बाहेर बाकावर होतात. आईंशी मी बोलले. काय बोलले ते त्यांना विचारा, त्यांनी सांगावंसं वाटलं तर त्या सांगतील.

या निमित्ताने एक गोष्ट सगळ्यांसाठीच. पुष्कळदा मुलगा किंवा सून काउंटरवर हळूच सांगून जातात, ‘काही निघालं तर आम्हाला सांगा, त्यांना नको.’ काळजीपोटीच सांगतात, मला कळतं. पण पोट त्यांचं आहे आणि विचारणाऱ्याही त्याच आहेत. शुद्धीत असलेल्या मोठ्या माणसाने सरळ विचारलं तर त्याला डावलून मी दाराबाहेर दुसऱ्याच्या कानात सांगत नाही. यावरून नातेवाईक माझ्यावर बरेच रागावतात. रागावू द्या.

आता ‘कोरिलेट करा’. पित्ताशयाची भिंत जाड दिसली, असं समजा. खडा अडकून सूज आली असेल तर जाड दिसते, आणि मग सर्जनकडे जावं लागतं. पावसाळ्यात डेंग्यूच्या पेशंटमध्येही तशीच जाड दिसते, तिथे पित्ताशय काढायचा प्रश्नच नसतो, ताप उतरला की ती आपोआप पूर्ववत होते. यकृताच्या आजारात दिसते. आणि येताना तर्रीदार मिसळ खाऊन आलेल्या धडधाकट माणसातही दिसते, कारण तेलकट पोटात गेलं की पित्ताशय आकसतं. (उपाशीपोटी या म्हणतो ते यासाठीच. रविवारी सकाळी नाशिककराला हे पटवणं अवघड आहे. दुधाचा चहासुद्धा नको. पाणी चालतं.) यातलं कोणतं, हे ताप, रक्ताचे रिपोर्ट आणि तुमच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं तेव्हा दुखलं का, यावर ठरतं. या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे असतात, माझ्याकडे बहुतेक वेळा नुसती पोटाच्या सोनोग्राफीची चिठ्ठी, ‘यूएसजी अ‍ॅबडोमेन’ एवढीच. मला दिसलं ते मी लिहिलं. ते तुमच्या बाकीच्या माहितीशी ताडून पाहा, असं मी त्या डॉक्टरांना सांगते. ते वाक्य पेशंटसाठी नसतंच. दिसलेल्यापेक्षा जास्त ठासून लिहिलं तर रिपोर्ट वाचायला छान वाटेल, पण एखाद्याचं नको ते ऑपरेशन होईल.

‘मागून येऊन पुढे गेले’ ते कोण होते हेही सांगणार नाही, नियम सांगते. पोटात अचानक दुखू लागलेली, नुकतेच दिवस गेलेली बाई आली आणि गर्भ नळीत असण्याची शंका असली, तर ती आधी. पोराच्या वृषणाला पीळ पडल्याची शंका असली तर तो आधी, कारण साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तरच वृषण वाचण्याची चांगली शक्यता असते. असे पेशंट वेळ घेऊन येत नाहीत. ओटीपोटाच्या तपासणीला लघवीची पिशवी भरलेली लागते. ती भरली की त्या माणसाला थांबवता येत नाही, नाही भरली तर त्याचा नंबर खाली सरकतो. दोन तास जास्त उपाशी बसणं आईंच्या वयात सोपं नाही, हे मला कळतं. तरी असा पेशंट दारात आला तर मी पुन्हा तेच करीन.

काउंटरवर ‘नुसत्या सह्या आणि आधार कार्डं’ चालली होती म्हणालात. गरोदर बाईची सोनोग्राफी म्हटली की फॉर्म एफ, म्हणजे त्या तपासणीच्या नोंदीचा सरकारी फॉर्म, आला. १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने गर्भाचं लिंग सांगणं गुन्हा आहे, पहिल्यांदा सापडलं तरी ३ वर्षांपर्यंत कैद. फॉर्म अर्धवट राहिला तर तेही उल्लंघन धरलं जातं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कायम ठेवलं. त्यामुळे तिथे घाई नाही. मराठी बोर्ड समोर लावलेला असूनही ‘पेढे की बर्फी, तेवढं सांगा’ म्हणणारे आजही येतात. त्यांनाही मी गप्प राहिले म्हणून राग येतो.

राहिलं कमिशन. आम्ही ते कुणाला देत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत ते गैरवर्तन आहे, आणि हा प्रकार सगळीकडे बंद आहे असं म्हणण्याइतकी मी भोळी नाही. म्हणून तुमचा संशय मला विचित्र वाटला नाही, फक्त तो चुकीच्या दारात आलाय. दरपत्रक काउंटरच्या मागे लावलंय, सगळ्यांना तेच, कुणीही पाठवलेलं असो. चिठ्ठीवर एखाद्या सेंटरचं नाव असलं तरी तपासणी कुठे करायची ते तुम्ही ठरवायचं, इथे नको असेल तर इथे नको.

रिपोर्टमधलं काही समजलं नसेल तर दुपारी दोन ते चारमध्ये या, तेव्हा गर्दी कमी असते. त्याचे वेगळे पैसे नाहीत. आईंचे जुने रिपोर्ट असतील तर आणा, आधीच्याशी तुलना केल्याशिवाय काय वाढलं, काय तसंच आहे हे सांगता येत नाही. आणि आईंना सोबत आणा. त्या नसताना मी बोलणार नाही.