गॅस तुमचा, पाणी शेतकऱ्याचं

अमेरिकेत गॅसची विहीर घ्यायचा विचार आहे? छान. मग भूगर्भतज्ज्ञ नेमण्याआधी शाळेच्या दप्तरातला नकाशा काढा. गॅसबरोबर पाणी वर येतं, भरमसाट येतं आणि बहुधा खारट असतं. त्याची वाट कशी लावायची, हे पाण्यात काय आहे यापेक्षा विहीर कुठे आहे यावर ठरतं.

नकाशावर 98 अंश पश्चिम रेखांश शोधा. टेक्सासात ही रेघ ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोच्या मधून जाते. विहीर रेघेच्या पूर्वेला असेल तर ते पाणी ओढ्यानदीत सोडायला बंदी; पैसे मोजा आणि खोल जमिनीत जिरवा. पश्चिमेला असेल तर तेच पाणी शेतीच्या आणि गुराढोरांच्या उपयोगाचं ठरू शकतं. 1979 पासूनचा केंद्रीय नियम आहे हा. तेल-ग्रीस लिटरमागे 35 मिलिग्रॅमच्या आत ठेवा, गुरांना पाजण्याइतपत बरं आहे असं दाखवा, झालं काम. (पूर्वेकडच्या गाई नाजूक पोटाच्या असाव्यात.) शिवाय पश्चिमेला पाऊस कमी, आणि तहानलेला माणूस फार चौकशा करत नाही.

वायोमिंगचं पावडर रिव्हर खोरं बघा. तिथे गॅस कोळशाच्या थरात पाण्याच्या दाबाखाली अडकलेला असतो. आधी पाणी उपसायचं, मग गॅस सुटतो. पाणी दिसायला स्वच्छ, गुरंही पितात. फक्त सोडियम जरा सढळ. चिकणमातीत ते मुरलं की मातीची छिद्रं बुजतात, वर पाणी तुंबतं आणि खाली मुळं कोरडी. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला शेतकरी अशी जमीन नुसती पायाने उकरून सांगेल की ही चोपण झाली. म्हणून त्याला सल्लागार नेमू नका. तिकडे अशा शेतांवर जिप्सम आणि गंधक टाकून बघितलं. पाणी फुकट, औषध विकत. हा हिशेब शेतकऱ्याला पहिल्याच वर्षी समजावून सांगायची घाई नको.

पूर्वेला असलात तरी हिरमुसू नका. 2008 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फर्नाऊ प्रायोगिक जंगलात गॅस विहिरीचं सुमारे तीन लाख लिटर सांडपाणी पाव हेक्टरहून कमी जागेवर फवारलं, तेही रीतसर परवाना काढून. काही दिवसांत खालची हिरवळ करपली, झाडांची पानं गळाली, दोन वर्षांत निम्म्याहून अधिक झाडं मेली. यातून घ्यायचा धडा एवढाच की प्रयोगाच्या जंगलात फवारू नये. तिथे शास्त्रज्ञ झाडं मोजत बसलेले असतात.

सगळ्यात देखणं काम मात्र कॅलिफोर्नियाच्या कर्न कौंटीतलं. पाणी तेलविहिरींचं, पण भाऊबंदच. तिथे एका पिंप तेलामागे साधारण दहा पिंपं पाणी निघतं. शेव्हरॉन कंपनी ते तेलापासून वेगळं करते, अक्रोडाच्या टरफलांतून गाळते आणि कावेलो वॉटर डिस्ट्रिक्टला, म्हणजे शेतीला पाणी पुरवणाऱ्या तिथल्या संस्थेला देते. मग ते दुसऱ्या पाण्यात मिसळून बदाम, पिस्ते, संत्र्यांच्या बागांना जातं. 1990च्या दशकापासून हे चाललंय. अक्रोडाने गाळायचं आणि बदामाने प्यायचं, सुकामेव्यात इतका जिव्हाळा दुसरीकडे दिसायचा नाही! दुष्काळात लोक नको ते विचारू लागले तेव्हा तज्ज्ञांची समिती बसली. 2021 मध्ये निष्कर्ष आला, की या पाण्यामुळे पिकांना किंवा खाणाऱ्यांना जास्तीचा धोका असल्याचा पुरावा मिळाला नाही. आणि काही रसायनांविषयी माहिती अपुरी आहे. पहिलं वाक्य ठळक छापा. दुसरं तळटीपेत घाला. पुरावा मिळायला आधी काय शोधायचं ते ठाऊक लागतं, आणि विहिरीत ओतलेली बरीच रसायनं व्यापारी गुपित असतात. गुपिताची तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत होते?

गिऱ्हाईकाचीही काळजी नको. कॅलिफोर्नियाचे बदाम परदेशात सर्वाधिक कोण घेतं? आपण. रात्री भिजत घालून, सकाळी सोलून, दहावीच्या पोराच्या हातावर मोजून ठेवणारे आपण. बदाम किती तास भिजवावा यावर आपल्याकडे घरोघरी वाद होतात. तो मुळात कुठल्या पाण्यावर वाढला, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. (एकूण बागांच्या मानाने हे तेलविहिरींचं पाणी थोडं आहे, हे खरंच. तुम्हीही सांगा. चार वेळा सांगा.)

राहिली परवान्याआधीची जाहीर सुनावणी. 2015 मध्ये नेब्रास्कात बाहेरच्या राज्यांतलं सांडपाणी आणून जमिनीत जिरवायचा प्रस्ताव होता. सुनावणीत एकाने तीन पेल्यांत गढूळ पाणी ओतलं आणि राज्याच्या तेल-वायू आयोगाच्या सदस्यांना विचारलं, पिणार का? कुणी पेल्याला हात लावला नाही. तेव्हा टेबलावर रिकामे पेले ठेवू नका. स्वतःसाठी बाटलीबंद पाणी न्याल तर तेही पिशवीतच राहू द्या.