ऑक्टेव्हिया बटलर आधी वाचा

पुण्यातल्या आमच्या वाचकमित्रांत मध्यंतरी एकानं साधा प्रश्न विचारला: इंग्रजीत विज्ञानकथा आणि फँटसी लिहिणाऱ्यांपैकी कुणाला वाचावं? नावं येण्याआधीच वाद पेटला. एका बाजूचं म्हणणं, ज्यात विज्ञान चोख नाही ती विज्ञानकथाच नव्हे, आणि जादूच्या गोष्टी तर नकोतच, बुवाबाजीनं आधीच आपलं काय कमी नुकसान केलंय? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, विमानं, अस्त्रं सगळं आपल्या पुराणांत होतंच, परक्यांचं कशाला वाचायचं. ज्यानं विचारलं होतं तो तसाच रिकाम्या हातानं राहिला. मी कॅलिफोर्नियात पॅसाडिनाजवळ राहते. त्याला, आणि खरं तर दोन्ही बाजूंना, मला पहिलं नाव याच गावातलं सुचवायचं आहे.

ऑक्टेव्हिया बटलर यांचा जन्म 1947 साली पॅसाडिनात एका काळ्या कुटुंबात झाला. वडील बूटपॉलिश करायचे, ते लवकर गेले. आई गोऱ्या लोकांच्या घरी कामाला जायची आणि त्यांनी टाकून दिलेली पुस्तकं मुलीसाठी घरी आणायची. आई मागच्या दारानं आत जाते, तिच्यासमोरच तिच्याबद्दल वाटेल ते बोललं जातं आणि ती ऐकून घेते, हे या मुलीनं पाहिलं होतं आणि तिला आईची लाज वाटली होती. पुढं कॉलेजात एक तरुण भेटला. आपल्या आधीच्या पिढ्यांनी मान खाली घातली म्हणूनच आपली ही गत झाली, असा त्याचा संताप होता. तोवर बटलर यांना कळून चुकलं होतं की आईच्या त्या गप्प राहण्यावरच आपण जेवलो, शिकलो. त्या संतापाला उत्तर म्हणून त्यांनी 'किंड्रेड' लिहिली. साल 1979.

डेना ही 1976 मधल्या लॉस एंजेलिसची काळी लेखिका. एके दिवशी ती अचानक गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये खेचली जाते. तिथं मळ्याच्या गोऱ्या मालकाचा मुलगा, रूफस, बुडत असतो. ती त्याला वाचवते. मग पुन्हा खेचली जाते, पुन्हा वाचवते. हा मुलगा पुढं आपला पूर्वज होणार आहे हे तिला ठाऊक आहे. तो मेला तर तिचा जन्मच नाही. आणि तो मोठा होत जातो तसा मालक होत जातो.

ती मागे जाते कशी? याचं उत्तर पुस्तकात कुठंही नाही. बटलर स्वतःच या कादंबरीला विज्ञानकथा म्हणायच्या नाहीत, यात विज्ञान नाही असं स्पष्ट सांगायच्या. म्हणजे आपल्याकडच्या कसोटीवर ही पहिल्याच फेरीत बाद. आणि हे आमचंच नुकसान आहे, मराठी वाचकाचं, इतर कुणाहीपेक्षा जास्त. कारण 'बलुतं' आलं ते 1978 साली, 'किंड्रेड'च्या अवघं एक वर्ष आधी. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिनं नाव घेतलं ते इथल्या, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. आईबापांनी सोसलं ते का सोसलं, हा प्रश्न ज्या भाषेत इतका पेटून विचारला गेला, त्या भाषेच्या वाचकाला डेनाची गोष्ट परकी वाटणं शक्य नाही. मराठी पुस्तकांच्या कपाटात तिची जागा 'बलुतं'च्या शेजारी आहे.

विज्ञान चोख हवं म्हणणाऱ्यांचा मला रागही येत नाही. मराठी विज्ञानकथा वाढली तीच मुळी विज्ञानप्रसाराच्या ओढीनं. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं 'कृष्णविवर' पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ मराठीत गोष्टी लिहायचा, हे भाग्य फार थोड्या भाषांना लाभलं. आणि ज्या राज्यात 2013 साली डॉक्टर दाभोलकरांचा खून झाला, तिथल्या विवेकी माणसाला 'जादू' या शब्दानंच अस्वस्थ वाटलं तर मी त्याला काय बोलणार? 2015 च्या मुंबईतल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला, तोही आपण विसरलेलो नाही. सावध राहायला कारण आहे.

तरीही नारळीकरांचीच 'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्या. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जाऊन पडतात जिथं मराठे पानिपत जिंकले आहेत, कारण विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून गेली. हे कसं घडलं याचं स्पष्टीकरण नारळीकर क्वांटम सिद्धांताच्या आधारानं देतात, आणि ते सुंदर आहे. पण शाळेत असताना वाचलेली ती गोष्ट मला आजही आठवते ती त्या स्पष्टीकरणामुळं नव्हे. गंगाधरपंत परत येतात तेव्हा त्यांच्या खिशात बखरीचं एक फाटलेलं पान असतं, त्यामुळं. डेनाही परत येते, तिचा डावा हात मात्र येत नाही. कादंबरी त्याच वाक्यानं सुरू होते, त्यामुळं मी काही फोडत नाही. इतिहासात जाऊन आलेल्या माणसाकडं पुरावा म्हणून काय उरतं, हा दोघांचाही प्रश्न आहे. पानिपतासाठी एक पान पुरलं. गुलामगिरीला ते पुरणार नव्हतं.

बटलर यांची दुसरी कादंबरी वाचायची असेल तर 'पॅरबल ऑफ द सोअर'. 1993 सालची, पण सुरू होते 2024 च्या जुलैत, इथंच, दक्षिण कॅलिफोर्नियात. पाणी महाग, वस्त्यांभोवती भिंती, आणि आगी. जानेवारी 2025 मध्ये आमच्या शेजारचं अल्टाडिना जळालं, नऊ हजारांहून जास्त इमारती गेल्या, तेव्हा इथल्या कित्येकांनी हे पुस्तक पुन्हा उघडलं. बटलर यांच्या नावानं पॅसाडिनात एक पुस्तकांचं दुकान आहे. त्या दिवसांत ते मदतकेंद्र झालं होतं, पुस्तकांच्या जागी पाणी, कपडे, डायपर. बटलर यांना भविष्यवेत्ती म्हटलेलं मात्र मला आवडत नाही. त्या म्हणायच्या, समोर दिसणाऱ्या आणि कुणी लक्ष न दिलेल्या अडचणी मी घेतल्या, आणि त्यांना वाढायला तीसेक वर्षं दिली. विवेकवादी मित्रांनो, यापेक्षा वैज्ञानिक रीत कोणती?

फँटसीच्या बाबतीत मला आपल्या माणसांना एकच विचारायचं आहे: जी.ए. कुलकर्णींच्या 'इस्किलार'बद्दल कुणी कधी तक्रार केली का, की यातला प्रदेश नकाशावर नाही? 'रमलखुणा' आपण श्वास रोखून वाचतो. ज्याला जी.ए. भिडले त्यानं उर्सुला के. ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (1968) वाचावी. गेड नावाचा मुलगा, हुशार आणि गर्विष्ठ, पैजेपायी एक सावली जगात सोडतो आणि मग ती त्याच्या मागे लागते. यात जादू आहे, बुवाबाजी नाही. प्रत्येक मंत्राची किंमत मोजावी लागते, हाच त्या जगाचा कायदा.

ले ग्विन यांचं माझं सर्वांत लाडकं पुस्तक मात्र 'द डिस्पझेस्ड' (1974). शेवेक हा रखरखीत, गरीब, समतेवर उभ्या केलेल्या अनारेस नावाच्या जगाचा भौतिकशास्त्रज्ञ. तो शेजारच्या श्रीमंत जगात, उरासला जातो. घरचे त्याला गद्दार म्हणतात. तिकडचे त्याचं कौतुक करतात, कारण त्यांना त्याचं संशोधन विकत घ्यायचं आहे. घर सोडून शिकायला, कामाला निघालेल्या आम्हा सगळ्यांवर इतकं खरं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. अनारेसवरचा दुजाभाव, वशिलेबाजी, गप्प बसवणं, काहीच ले ग्विन झाकत नाहीत, आणि उरासच्या हिरवळीवर भाळतही नाहीत. परदेशात राहून मायदेशावर बोट ठेवणाऱ्यांनी, आणि मायदेशात राहून परदेशी गेलेल्यांवर बोट ठेवणाऱ्यांनी, दोघांनीही ते वाचावं.

वेळ कमी असेल तर टेड चिआंग. दोनच कथासंग्रह आहेत. 'टॉवर ऑफ बॅबिलॉन'मध्ये आकाश खरोखरच दगडी छत आहे आणि खाणकाम करणारे मनोऱ्यावरून महिनोनमहिने चढत ते फोडायला निघाले आहेत. 'ओम्फॅलॉस'मध्ये देवानं जग ठरावीक दिवशी घडवलं हे सिद्ध झालेलं आहे, आणि पुरातत्त्वज्ञ बाईला जुन्या झाडांच्या आतल्या भागात वर्षांची वलयंच सापडत नाहीत. दोन्हीकडचं विज्ञान आपल्या दृष्टीनं सपशेल चूक, आणि दोन्हीकडची माणसं पुराव्यामागं शेवटपर्यंत जाणारी. वैज्ञानिक वृत्ती शिकवायला याहून चांगल्या कथा मला ठाऊक नाहीत.

इथं सगळं आलबेल आहे असं कृपया समजू नका. काळी माणसं लेखक होत नसतात, हे बटलर यांना लहानपणी स्वतःच्या मावशीनं सांगितलं होतं. ले ग्विन यांची एक कथा छापताना मासिकानं नावाची फक्त आद्याक्षरं टाकायला लावली, बाईचं नाव पाहून वाचक बिचकतील म्हणून. आणि भाषांतरांच्या बाबतीत अमेरिकन वाचक आपल्यापेक्षा खूपच गरीब आहे. पोलंडचे लेम किंवा चीनचे लिऊ त्सिशिन यांच्यापलीकडं बहुतेकांची मजल जात नाही. माझ्या इथल्या वाचनगटात मराठी विज्ञानकथेचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. गंगाधरपंत मी त्यांना इंग्रजीतून वाचायला दिले, आणि पानिपत काय ते समजावण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. ती संध्याकाळ फार आनंदाची होती.

तेव्हा मित्रांनो, सुरुवात 'किंड्रेड'पासून करा. डेनानं रूफसला दुसऱ्यांदा वाचवायला हवं होतं का, यावर माझं मत पक्कं आहे, आणि ज्यांचं उलटं आहे त्यांच्याशी मला वाद घालायचा आहे. डिसेंबरात मी पुण्यात आहे.