दवाखान्याजवळ राहतो, तर एक खोली राखून ठेवूया

कोल्हापुरात कदमवाडीत राहतो म्हटलं की लोक म्हणतात, "दवाखाना दारात आहे, तुम्हाला कसली काळजी?" खरं आहे. आईला रात्री दम लागला तेव्हा बघता बघता डॉक्टरांसमोर होतो. डी. वाय. पाटील मेडिकल कॉलेज कसबा बावड्यात १९८९ पासून, त्याचं हॉस्पिटल इथं कदमवाडीत. मेसवाले, मेडिकलवाले, झेरॉक्सवाले, रिक्षावाले, कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते.

मला बोलायचंय ते पेशंटबरोबर येणाऱ्या माणसांबद्दल.

राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, घाटाखालचं कोकण, तिकडं निपाणी-चिकोडी, कुठनं कुठनं माणसं येतात. पेशंट आयसीयूत गेला की नातेवाइकांना आत थांबता येत नाही आणि लांबही जाता येत नाही. कधी औषधाची चिठ्ठी येईल, कधी रक्ताची पिशवी आणायला सांगतील, कधी सही लागेल, काय नेम? महात्मा फुले योजनेतनं उपचार होतात, पण सोबतच्या माणसाच्या मुक्कामाचं ज्याचं त्यानं बघायचं.

परवा रात्री पावसात एक मावशी बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर वायरची पिशवी, त्यात एक्स-रेचं पाकीट प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेलं. पदर मात्र चिंब. "सुनेचं आप्रेशन झालंय. बोलावणं आलं तर लगेच जायला पायजे," म्हणाल्या. समोरच्या बिल्डिंगवर पाटी होती, 'खोली भाड्याने देणे आहे'. खाली बारीक अक्षरात, 'फक्त विद्यार्थ्यांसाठी'.

घरमालकांचंही मला कळतं. घरावर कर्ज असतं, विद्यार्थी डिपॉझिट देतात, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट होतं. दोन रात्रींसाठी येणाऱ्या अनोळखी माणसाची भीती वाटते. पण सगळ्याच गल्लीनं असं ठरवलं तर त्या मावशींनी जायचं कुठं?

आणि हे कोल्हापुरात व्हावं, याचं मला जास्त वाईट वाटतं. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातल्या पोराला शाळा असून भागत नाही, शहरात राहायला जागा लागते, हे त्यांनी ओळखलं. दसरा चौकात, सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या शेजारीच, यातली काही बोर्डिंगं आजही उभी आहेत. पेशंटच्या माणसाची गरज याहून वेगळी आहे का? २०१९ ला पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, तेव्हा पूरग्रस्तांना घरात घेताना कुणी ॲग्रीमेंट मागितलं होतं?

प्रत्येक गल्लीत एक खोली रोजच्या माफक भाड्यानं मिळावी. आधार कार्ड आणि केसपेपरचा फोटो घ्यावा, बास. तरुण मंडळाचा हॉल रात्री रिकामाच असतो, तो बायकांना झोपायला द्यावा. आमच्या वरच्या मजल्यावरची खोली मी या महिन्यापासून त्यासाठी ठेवतोय. शेजारच्या वहिनी सकाळी गरम पाणी द्यायला तयार आहेत. अंथरूण-पांघरूण कमी पडतंय. कदमवाडी, विचारे माळ, लाईन बाजार, बावडा, कुणाकडं जादा चादरी किंवा मोकळी खोली असेल तर मला कळवा, मी येऊन भेटतो.