चालत्या कामाला खीळ कशी घालावी

आपल्या कार्यालयातील संगणकप्रणाली वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत असेल, तर वेळीच सावध व्हावे. बिनतक्रार चालणारी गोष्ट वरिष्ठांच्या नजरेत भरत नाही आणि नजरेत न भरणाऱ्या गोष्टीवर कोणाची बढती होत नाही. तेव्हा तिला आजपासूनच ‘कालबाह्य’ म्हणू लागावे. ती कोबोल या संगणकीय भाषेत लिहिलेली असल्यास दुधात साखर. ही भाषा 1959 सालची आहे एवढे सांगितले की बैठकीत हशा पिकतो आणि कित्येक बँकांचे व्यवहार आजही तिच्यावर चालतात, हे कोणी विचारत नाही.

यानंतर तिच्या जागी नवी प्रणाली आणण्यासाठी सल्लागार नेमावा. त्याने हिशेबाची महिनाअखेर कधी पाहिलेली नसावी, कारण ती पाहिलेला माणूस शंका काढतो.

खरे कौशल्य नव्या पडद्याच्या रचनेत आहे. ज्येष्ठ लिपिक खातेक्रमांक, रक्कम, एंटर, पुन्हा एंटर अशा लयीत, मान वर न करता पावत्या नोंदवत असतात. हा प्रकार तातडीने थांबवावा. त्यांना आधी माउस हाती धरायला लावावा, मग लांबलचक यादीतून खात्याचे नाव शोधायला लावावे, मग गरगरणाऱ्या चक्राकडे बघत बसवावे आणि सगळे भरून झाले की ‘सेशन संपले आहे, पुन्हा लॉगिन करा’ असा संदेश दाखवावा. त्यांनी कुरकुर केलीच, तर तिची नोंद ‘बदलास विरोध’ या सदरात करून त्यांना प्रशिक्षणाला धाडावे. प्रशिक्षक अर्थातच गेल्या आठवड्यात रुजू झालेला असावा.

एखादा खवचट सहकारी ब्रिटनमधील टीएसबी बँकेचा दाखला देईल. तिने एप्रिल 2018 मध्ये ग्राहकांची माहिती नव्या प्रणालीवर हलवली, लाखो ग्राहकांना आपलीच खाती उघडता येईनात, घडी बसायला डिसेंबर उजाडला आणि 2022 मध्ये नियामकांनी तिला 4 कोटी 86 लाख 50 हजार पौंडांचा दंड ठोठावला. अशा सहकाऱ्याला नकारात्मक ठरवून पुढील बैठकांचे निमंत्रणच पाठवू नये. चाचणीला वेळ उरत नाही, ही सबब मात्र आतापासूनच तयार ठेवावी.

उद्घाटनानंतर पहिल्याच महिनाअखेरीस ताळेबंद जुळणार नाही. अशा वेळी, जुनी प्रणाली जाणणाऱ्या ज्या निवृत्त कर्मचाऱ्याला आपण निरोपाचा नारळ दिला, त्यालाच मानधनावर परत बोलवावे. फक्त ते मानधन नव्या प्रणालीच्या खर्चात न दाखवता ‘किरकोळ’मध्ये टाकावे.