वर मेट्रो बांधताय, पण खालचा रस्ता कधी परत देणार?

पुण्यातली हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रो मला हवीय. बाणेरहून हिंजवडीला रोज जीव मुठीत धरून जाणारं कुणीही हेच सांगेल. पण मेट्रोच्या नावाखाली आमचा रस्ता काढून घेतलाय आणि तो परत कधी मिळणार हे कुणीच सांगत नाही. आता खरंच डोकं फिरलंय.

भूमिपूजन झालं डिसेंबर २०१८ ला. काम सुरू व्हायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. चाळीस महिन्यांत पूर्ण करणार होते, म्हणजे मार्च २०२५. ती तारीख गेली. मग सप्टेंबर म्हणाले, तीही गेली. त्यानंतर मार्च २०२६ म्हणाले. जुलै २०२५ मध्ये हिंजवडीजवळच्या माणच्या डेपोतून चाचणीची गाडी धावली, पेपरात फोटो झळकले. त्याच पावसाळ्यात हिंजवडीच्या रस्त्यांवर इतकं पाणी तुंबलं होतं की लोक बंद पडलेल्या दुचाक्या ढकलत ऑफिस गाठत होते.

विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल आठवतात ना? बांधून पंधरा वर्षंही झाली नव्हती. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पाडून टाकले. मुळात ते बांधताना, पुढेमागे या रस्त्यावरून मेट्रो न्यावी लागेल एवढा विचार करायला काय झालं होतं? आमच्याच पैशांनी बांधायचं आणि आमच्याच पैशांनी पाडायचं! बरं, पाडले तर नवीन पूल तरी लवकर उभा करा. औंधकडून शिवाजीनगरला येणारी एक बाजू खुली झाली ऑगस्ट २०२५ मध्ये. पाच वर्षं! पाच वर्षं औंध, बाणेर, पाषाण तिन्हीकडच्या गाड्या त्या एका चौकात कोंबल्या. त्यात अडकलेल्या अँब्युलन्सचा सायरन ऐकत बसणं काय असतं, ते तारखा जाहीर करणाऱ्यांनी एकदा अनुभवावं.

आणि कामाभोवती आडोशाला लावलेले ते पत्रे! आमच्या सोसायटीसमोरचे खांब कधीच उभे राहिले, वर गर्डर बसले, रूळही पडले. खालचे पत्रे मात्र जागचे हलले नाहीत. फटीतून डोकावलं तर आत सळयांचे तुकडे, दगड झालेली सिमेंटची पोती आणि साठून हिरवं पडलेलं पाणी. काम करणारा एक माणूस दिसत नाही. रस्त्याची अख्खी लेन या अडगळीसाठी अडवून ठेवलीय आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीतून कंपन्यांच्या बस, टँकर, रिक्षा, आम्ही दुचाकीवाले, सगळे एकमेकांना घासत जातोय. खोदलेल्या चरावर लोखंडी प्लेट टाकलीय. पावसात तिच्यावर चाक गेलं की गाडी सरळ घसरते. किती जण पडले माझ्या डोळ्यांदेखत!

चालणाऱ्यांचे तर हाल विचारू नका. स्टेशनचा जिना थेट फुटपाथवर उतरवलाय. फुटपाथ आधीच अरुंद, त्यात जिन्याचा पाया आला, आता माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा उरलीय. माझी आई वॉकर घेऊन चालते. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जायचं तरी तिला भर रस्त्यात उतरावं लागतं, आणि मागून बसवाला हॉर्नवर हात ठेवूनच असतो. तिनं उडून जायचं का?

तक्रार केली. एका ऑफिसात म्हणाले, रस्ता आमच्याकडे नाही. दुसरीकडे म्हणाले, मेट्रोचं काम संपल्याशिवाय आम्ही हात लावू शकत नाही. तिसरीकडे साहेब साइटवर गेले होते. मग अर्ज द्यायचा तरी कुणाला?

माण ते सिव्हिल कोर्ट, २३ किलोमीटर आणि २३ स्टेशनं. सिव्हिल कोर्टला आधीच्या दोन्ही मेट्रो मार्गांची गाडी बदलता येणार, हे उत्तमच केलंय. पण स्टेशनवर उतरल्यावर पुढे कसं जायचं? फीडर बस उभी कुठे राहणार? रिक्षा कुठे थांबणार? स्टेशनखाली उभं राहून बघा, यातल्या एकाचीही जागा दिसत नाही. म्हणजे मेट्रो सुरू झाली तरी त्याच रस्त्यावर तीच झुंबड.

जिथलं वरचं काम झालंय तिथले पत्रे याच आठवड्यात काढा. चर डांबर टाकून नीट बुजवा, खडी पसरून निघून जाऊ नका. जिन्याशेजारी वॉकर जाईल एवढा फुटपाथ द्या. आणि जे पत्रे ठेवणं खरंच गरजेचं आहे, त्या प्रत्येकावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा: इथे काय काम चाललंय, कधी संपणार आणि जबाबदार इंजिनिअर कोण.